‘तुंबाड’: पाऊस बरोबर, प्रस्तावना चुकीची

१३ सप्टेंबर २०२४ रोजी ‘तुंबाड’ हा हिंदी भयपट दुसऱ्यांदा थिएटरात लागला तेव्हा गोव्यात चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, होऊन जेमतेम सहा दिवस झाले होते. नऊ आणि अकरा दिवसांच्या गणपतींच्या घरी माटोळी, म्हणजे मूर्तीवरची फळाफुलांची चौकट, अजून टांगलेली, मुंबई-पुण्याचे चुलते अजून मूळ घरीच, आणि दुपारच्या जेवणानंतर बाल्कांवात (पुढच्या ओसरीत) भाटाच्या, म्हणजे बागायतीच्या, वाटणीचा विषय निघण्याचे हेच दिवस. घर, घरात लपलेलं धन आणि ते मिळवण्यासाठी एका पिढीने पुढच्या पिढीला काय शिकवायचं, ही या सिनेमाची गोष्ट. तिला याहून योग्य आठवडा मिळाला नसता. १२ ऑक्टोबर २०१८ ला सिनेमा पहिल्यांदा आला तेव्हा जेवढी कमाई झाली होती, त्याहून जास्त या दुसऱ्या फेरीत झाली.

त्याच्याबद्दलचा ठरलेला शेरा तेव्हापासून आजवर एकच आहे: दिसायला अप्रतिम, पण गोष्ट एवढीशी. फिल्मफेअरनेही तसंच तोललं. छायाचित्रण, कलादिग्दर्शन आणि ध्वनिसंयोजन असे तीन पुरस्कार मिळाले, तिन्ही दिसण्या-ऐकण्याचे. हा शेरा अर्धा खरा आहे. गोष्ट काही ठिकाणी पातळ आहे यात शंका नाही. पण ती नेमकी कुठे पातळ होते ते पाहिलं, तर जिथे चित्र काम करायचं थांबतं आणि माणसं समजावून सांगायला लागतात, तिथेच ती पातळ होते. बाकी सगळ्या सिनेमात दिसणं हीच गोष्ट आहे. दोन्ही वेगळी काढून तोलताच येत नाहीत.

आधी कामाची माहिती. दिग्दर्शक राही अनिल बर्वे, सहदिग्दर्शक आदेश प्रसाद, सर्जनशील दिग्दर्शक आनंद गांधी. कॅमेरा पंकज कुमार यांचा, पार्श्वसंगीत डेन्मार्कच्या येस्पर कीड यांचं, ध्वनी कुणाल शर्मा यांचा. विनायकच्या मुख्य भूमिकेत सोहम शाह. नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून घेतलेलं, पण त्या कादंबरीशी कथेचा संबंध नाही, भयाचं बीज नारायण धारपांच्या कथेतलं. संवाद हिंदीत आहेत. पुढे मधल्या भागातल्या घटनांचा उल्लेख येईल. शेवट सांगितलेला नाही.

पावसापासून सुरुवात करू, कारण सिनेमाचा सगळा भार त्याच्यावर आहे. तुंबाड गावावर देवांचा कोप आहे आणि तो कोप म्हणजे न थांबणारा पाऊस. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ज्या घरात दारं फुगून चौकटीत अडकतात, कपाटातल्या चपलांवर पांढरी बुरशी चढते आणि काडेपेटीतली काडी पेटत नाही, त्या घरातल्या माणसाला हा शाप समजावून सांगावा लागत नाही. ती ओल या सिनेमात खरी आहे. चित्रीकरण २०१२ मध्ये सुरू झालं, बरंचसं पुन्हा २०१५ मध्ये झालं, आणि त्यासाठी पावसाळ्यामागून पावसाळा वाट पाहिली गेली.

याचा पडद्यावर होणारा परिणाम अगदी तांत्रिक आहे. पावसाळी ढगांतून येणारा उजेड सगळीकडून सारखा येतो, त्यामुळे सावली पडत नाही. सावली नाही म्हणून सकाळ आहे की संध्याकाळ, कळत नाही. तुंबाडचा वाडा वेळेच्या बाहेर असल्यासारखा वाटतो तो यामुळेच. कुठल्या जादूच्या करामतीमुळे नाही. पुन्हा, खरा पाऊस कॅमेऱ्यात सहजी उमटत नाही. मागून उजेड असेल तरच धारा दिसतात, समोरून प्रकाश टाकला की नाहीशा होतात. नेहमीच्या सिनेमात यावर उपाय म्हणून नळाने पाऊस पाडतात, मोठ्या थेंबांचा, आणि तो लगेच ओळखू येतो, कारण मागचं झाड कोरडं असतं. इथे मागचं झाड, त्यामागचा डोंगर आणि त्यावर टेकलेला ढग, सगळं एकाच पावसात भिजलेलं आहे. धारा फारशा दिसत नसल्या तरी भिंतीवरची ओल, वळचणीची टिपटिप आणि माणसाच्या पाठीला चिकटलेलं कापड दिसतं. तेवढ्यावर काम होतं.

या करड्या रंगात कंदील पेटला की दुसरा रंग येतो, पिवळा. आणि वाड्यातल्या विहिरीखाली, जिथे खजिना आहे त्या देवीच्या गर्भात, तिसरा: ओल्या मांसाचा लाल. पुण्याची दृश्यं कोरडी, तपकिरी. म्हणजे जागेगणिक रंग ठरलेला आहे आणि तो कुठेही उगाच बदलत नाही. याचा कथेला फायदा असा, की विनायक वाड्याकडे निघाला हे सांगायला पाटी लागत नाही. पाऊस सुरू झाला की हद्द ओलांडली. पुढे पैसा हातात आल्यावरही तो पुन्हा पुन्हा त्या करड्यात का जातो, हा प्रश्न कोणी तोंडाने विचारण्याआधीच पाहणाऱ्याच्या मनात उभा राहतो.

एक गोष्ट मात्र कोकणी डोळ्याला खुपते. तुंबाड रत्नागिरी जिल्ह्यातलं. तिथलं काय किंवा आपल्या गोव्यातल्या पेडणे-डिचोलीतलं काय, जुनं घर म्हणजे चिऱ्याच्या भिंती, उतरतं कौलारू छप्पर, चारी बाजूंनी वळचण. सिनेमातला वाडा सासवडचा पुरंदरे वाडा आहे, घाटावरचा, बुरुजांचा, गढीसारखा. सासवड तर पर्जन्यछायेत. असा वाडा कोकणच्या पावसात कोणी बांधला नसता. तरीही निवड चुकली असं म्हणवत नाही. कोकणातलं घर बाहेर उघडतं. त्याला पडवी असते, अंगण असतं, तुळस असते. या गोष्टीला आत वळणारं, तोंड बंद करून बसलेलं घर हवं होतं. बांधणी खोटी आणि अर्थ बरोबर, असा हा सौदा आहे, आणि तो जमला आहे.

आता गोष्टीकडे. पहिला भाग १९१८ चा. विनायकची आई गावच्या म्हाताऱ्या ‘सरकार’ची चाकरी करते, एका सोन्याच्या नाण्याच्या आशेवर. घरात दोन मुलं आणि एका खोलीत साखळदंडाने बांधलेली म्हातारी. तिला वेळेवर खाऊ घालायचं, ती जागी झाली तर हस्तरचं, खजिन्याशी जोडलेल्या शापित देवाचं, नाव घेऊन झोपवायचं. पहिल्या भागाला लागतं ते एवढंच. म्हातारी बराच वेळ दिसत नाही, ऐकू येते. साखळीचा घसटा, श्वास, भांड्याचा आवाज. एका रात्री आई घरी नसताना हे काम मुलावर येतं. इथे कॅमेरा मुलाच्या उंचीवर राहतो आणि आपल्यालाही त्याला माहीत आहे तेवढंच माहीत असतं: ताट आत न्यायचं आहे आणि नाव विसरायचं नाही. नाव आयत्या वेळी आठवत नाही हीच भीती. शाळेत पाठांतराला उभं केल्यावर पोटात गोळा येतो तीच, फक्त इथे चुकलं तर जीव जाणार. भयपटाचा एखादा प्रसंग कसा बांधावा याचा धडा म्हणून हा दाखवण्यासारखा आहे. आधी नेम सांगायचा, मग नेम पाळणारं मोठं माणूस घरातून काढायचं, मग उजेड कमी करायचा.

त्या म्हातारीच्या मेकअपखाली मोहम्मद समद आहे, तोच मुलगा पुढे विनायकच्या मुलाची, पांडुरंगची भूमिका करतो. म्हणजे शापाचं पहिलं टोक आणि वारशाचं शेवटचं टोक एकाच देहात. पाहताना हे कळत नाही, पण त्या म्हातारीच्या हालचालीत वयाशी न जुळणारी जी चपळाई आहे, ती इथून आलेली आहे.

दुसरा भाग १९३३ चा, तिसरा १९४७ चा. खजिना मिळवण्याची रीत सिनेमा एकदम सांगत नाही. आधी फक्त परिणाम दिसतो: पुण्यात सावकार राघवच्या समोर ठेवलेली नाणी. मग त्याच राघवच्या निमित्ताने धोका दिसतो. आणि शेवटी पांडुरंगच्या तालमीत कृती दिसते: दोराने उतरायचं, पिठाचं रिंगण आखायचं, हस्तर ते ओलांडू शकत नाही, कणकेची बाहुली पुढे ठेवायची, तो भुकेने तिच्यावर तुटून पडला की त्याच्या लंगोटातून नाणी पाडायची आणि वर चढायचं. एकच कृती, तीन वेळा, दर वेळी एक नवा भाग जोडून. ही पक्की पटकथा आहे. ज्यांना गोष्ट एवढीशी वाटते त्यांनी हे तीन टप्पे मोजावेत. बापाने पोराला विहिरीत उतरायची तालीम देणं हा तर सगळ्या सिनेमातला सर्वात भयानक भाग, आणि त्यात भूत नाही. एखादा कारागीर मुलाला हत्यार धरायला शिकवतो तितक्या प्रेमाने हा बाप चोरी शिकवतो, आणि मुलगा बापापेक्षा हुशार निघतो.

गोमंतकीय प्रेक्षकाला इथे आणखी एक थर दिसेल. आपल्याकडे सातेरी देवी वारुळाच्या रूपात पूजली जाते. रोयण, म्हणजे वारूळ, हे जमिनीचं पोट, आणि ते पोट देवीचं, ही कल्पना गावोगावच्या देवळात समोर उभी आहे. सिनेमातली पूर्ती देवी आणि तिचा जमिनीखालचा गर्भ म्हणूनच परका वाटत नाही. फरक व्यवहारात आहे. आपला राखणदार देणं-घेणं मानणारा. देवचाराला, म्हणजे गावराखणीच्या आत्म्याला, रोट, विडी, सोरो (दारू) द्यायचा आणि त्याने शेत-भाट राखायचं. वेताळाला वहाणा वाहायच्या, कारण रात्री गावाची फेरी मारून त्याच्या झिजतात. बोललेलं दिलं नाही तर तो अडवतो, दिलं की सोडतो. हस्तरशी असा कुठलाच करार होत नाही. त्याला बाहुली दाखवायची ती त्याचं लक्ष दुसरीकडे वळवायला. नैवेद्याच्या रूपात चोरी, हा या सिनेमातला खरा अधर्म, आणि तो एका बाहुलीच्या चित्राने सांगितला आहे. त्यावर संवाद लिहिलेला नाही, लिहायची गरजही नव्हती.

‘सरकार’ आणि विनायकच्या आईचं नातंही इथे निराळं वाचलं जाईल. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीवरचं घर, त्याच्याकडची चाकरी, आणि घराच्या मालकीबद्दल तोंडातून अक्षर न काढणं, हे मुंडकारांच्या, म्हणजे अशा घरांत राहणाऱ्यांच्या, दोन-तीन पिढ्यांनी पाहिलेलं आहे. संरक्षणाचा मुंडकार कायदा १९७५ चा. तिसऱ्या भागातला १९४७ चा संदर्भ, वाडा आता स्वतंत्र भारताच्या सरकारकडे जाणार हा धसका, महाराष्ट्रातल्या प्रेक्षकाला आपसूक लागू पडतो. गोव्यात तो काळ १९ डिसेंबर १९६१ च्या मुक्तीनंतर आला. इथल्या तरुण प्रेक्षकाला १९४७ हे वर्ष पाहून थोडं थांबावं लागेल, आणि सिनेमा थांबायला वेळ देत नाही.

आता चुका. सर्वात मोठी पहिल्याच मिनिटांत आहे. विनायकच्या आवाजात पुराणकथा सांगितली जाते: पूर्ती देवी, तिची लेकरं म्हणजे सगळे देव, पहिला लाडका हस्तर, त्याची सोन्याची आणि धान्याची हाव, देवांचा हल्ला, आईने दिलेलं अभय आणि त्यामागची अट. सोबत संगणकावर केलेली गुळगुळीत चित्रं. कथा सुंदर आहे, पण जागा चुकीची. एक तर ती चित्रं पुढच्या ओल्या, खरबरीत जगाशी जुळत नाहीत. दोन वेगळ्या कारखान्यांत बनवल्यासारखी वाटतात. दुसरं, हस्तर कोण हे आधीच कळल्याने बंद दाराआडच्या म्हातारीचं कुतूहल थोडं मरतं. पोराला जेवढं माहीत तेवढंच आपल्याला, ही पहिल्या भागाची ताकद. प्रस्तावना आपल्याला पोरापेक्षा शहाणं करून ठेवते.

दुसरी चूक पुण्याची. नाणी मिळायला लागल्यावर विनायकची चैन, बाहेरची बाई, दारू, घरातला रुबाब हे सगळं भराभर उरकलं आहे. अनिता दाते यांनी बायकोच्या भूमिकेत मान खाली ठेवूनही खूप काही केलं आहे, पण भूमिकेला जागाच नाही. कौटुंबिक भयपटात घरातल्या बाईला नवऱ्याच्या पैशाचा वास कधी आणि कसा आला, हा एक तरी प्रसंग हवा होता. पहिल्या भागात आई होती म्हणून भीतीला घर होतं. नंतरच्या भागांत घर फक्त बाप आणि मुलगा यांच्यापुरतं उरतं. इथे पाऊस नाही, कंदील नाही, गर्भ नाही. शैलीला हत्यारच मिळत नाही, आणि मग गोष्टीचा सांगाडा उघडा पडतो. शैलीने गोष्ट झाकली अशी ज्यांची तक्रार आहे त्यांनी हा भाग पुन्हा पाहावा. शैली नसताना काय होतं ते इथे दिसतं.

तिसरी तक्रार बारीक आहे. शेवटाकडे एकापेक्षा जास्त बाहुल्या खाली नेल्यावर जे घडतं, तो नेम आधी कुठे पेरलेला नाही. घडल्यावर तर्काला पटतो, दृश्य म्हणून अंगावर येतो, पण पहिल्या भागात ‘नाव घे’ हा नेम जितका आधी रुजवला होता तितका हा नाही. तालमीच्या प्रसंगात एक वाक्य, किंवा त्याहून बरं म्हणजे दोन बाहुल्यांवर संशयाने थांबलेला बापाचा हात, एवढं पुरलं असतं.

भाषेचंही सांगायला हवं. कोकणातलं ब्राह्मणाचं घर, पुण्याचा सावकार, आणि सगळे हिंदी बोलतात. भीतीचे प्रसंग बहुतेक मुके असल्याने तिथे नुकसान होत नाही. पण आई मुलाला वाड्याकडे पुन्हा फिरकू नको म्हणून वचन घ्यायला लावते, तिथे मराठीतली शपथ हवी होती. ‘माझ्या गळ्याची आण’ म्हटल्यावर मुलाच्या तोंडचं पाणी पळतं, ते दुसऱ्या भाषेत होत नाही.

पैशाने भय विकत घेता येतं का, हा प्रश्न या सिनेमावर वारंवार काढला जातो. देवळाच्या मांडवात रात्रभर दशावतार बघणाऱ्यांना उत्तर माहीत आहे. एक बाकडं तिथे सिंहासनही होतं आणि डोंगरही, आणि संकासुर आला की पुढे बसलेली पोरं आईला बिलगतात. तिथे जे काम नटाचा आवाज आणि मृदंग करतात, ते इथे ओल आणि अंधार करतात. साधन महाग आहे, पण वापर त्याच हिशोबाने केलेला आहे: प्रेक्षकाला अर्धं द्यायचं आणि अर्धं त्याच्याकडून घ्यायचं. गर्भाच्या दृश्यात भिंती श्वास घेतात तेव्हाही हस्तर पूर्ण प्रकाशात फार वेळ टिकत नाही. जिथे तो जास्त टिकतो, शेवटच्या गर्दीत, तिथे भीती कमी होऊन धावपळ वाढते.

घरी पाहणार असाल तर तयारीला दहा मिनिटं द्या, कारण हा सिनेमा वाईट पडद्यावर निम्मा मरतो. टीव्हीचा पिक्चर मोड ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ ठेवा. ट्रूमोशन, मोशनफ्लो, ऑटो मोशन प्लस अशा नावाने जे काही असेल ते बंद करा. ते चालू असलं की पाऊस मालिकेतल्यासारखा दिसतो. अंधारात काही दिसत नाही म्हणून ‘ब्राइटनेस’ वाढवू नका. बऱ्याच टीव्हींवर त्याने काळा रंगच राखाडी होतो आणि कंदिलाचा पिवळा फिका पडतो. खोलीतले दिवे घालवा, खिडकीवर पडदा ओढा आणि गरज पडली तर बॅकलाइट थोडा वर न्या. खोलीच्या उजेडानुसार पडदा आपोआप मंद करणारा इको मोडही बंद हवा, नाहीतर विहिरीत उतरल्यावर चित्र आणखी मरतं. इंटरनेटवरून पाहताना एचडीसाठी साधारण ५ एमबीपीएसचा सलग वेग लागतो. वेग पडला की करड्या आभाळाचे चौकोनी तुकडे होतात, आणि या सिनेमात आभाळ सतत करडंच आहे.

आवाजाचं त्याहून महत्त्वाचं. टीव्हीच्या बारीक स्पीकरमधून खालचे स्वर येत नाहीत, त्यामुळे गर्भातली घुमघुम गायब होते आणि उरतात फक्त किंकाळ्या. साउंडबार नसेल तर बऱ्यापैकी हेडफोन. आणि पत्र्याच्या छपराखाली ऐन जुलैत पाहू नका. बाहेरचा पाऊस वातावरण आणेल असं वाटतं, पण तो पडद्यातल्या पावसाला गिळून टाकतो आणि म्हातारीचा श्वास ऐकूच येत नाही. ऑक्टोबर संपल्यावर, रात्र शांत असताना पाहा.

कुटुंबाची गोष्ट आहे म्हणून कुटुंबाला घेऊन बसायचा विचार असेल तर जपून. सरकारच्या वाड्यातला सुरुवातीचा प्रसंग, पुण्यातली बाहेरची बाई आणि जिवंत माणसाला जाळण्याची दृश्यं मुलांसमोर नकोत.

दुसऱ्यांदा पाहाल तेव्हा एक प्रयोग जरूर करा. प्रस्तावना वगळा आणि १९१८ ची पाटी येते तिथून सुरू करा. म्हातारी कोण, नाव कोणाचं, विहिरीत काय, सगळं त्या घरातल्या वस्तूंवरून आणि माणसांच्या हातांवरून उलगडत जातं. एकाच जागी अडाल: हस्तरला सोनं सोडून पीठच का हवं? तेवढ्यासाठी एखादी ओळ तालमीच्या प्रसंगात बापाच्या तोंडी घातली असती, तर ती सगळी गुळगुळीत चित्रं लागलीच नसती.